बसलेल्या आठजणी



शाळेच्या मुलींचा खो-खो संघ तुझ्याकडे दिलाय, हे आक्काने फोनवर सांगितलं. तू धास्तावली आहेस, हेही तिच्याकडूनच कळलं. ‘मला नुसतं पळता येतं, मी काय शिकवणार?’ असं म्हणालीस म्हणे.

तू पळतीची खेळाडू हे खरंच. पहिल्या तुकडीत उतरायचं, गडी दमवायचे, वेळ काढायचा आणि बाहेर यायचं. आक्रमणात तुझ्यावर कुणाची फारशी भिस्त नसायची. पण पळताना तू काय बघत होतीस ते आठव. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. तुला मात्र दोन्हीकडे मोकळीक. म्हणून पाठलाग करणाऱ्या संघाच्या, पाटीवर बसलेल्या आठही जणी कशा बसल्यात हे तुला दिसायचं. कोण टाचा टेकून सैल बसलीय, कोण खो मिळायच्या आधीच उठते, खांबाजवळच्या मुलीला सूर मारायची भीती वाटते का, हे सगळं हेरूनच तू मिनिटं काढलीस. त्या आठजणींच्या चुका तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक? तिथूनच सुरुवात कर.

एका खास कामात मुरलेला माणूस अख्खा संघ कसा घडवतो, याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडूला किक मारायच्या वेळेपुरता वेगळाच संघ उतरतो, त्याला स्पेशल टीम्स म्हणतात. बरेचसे गडी इतर जागांवरून घेतलेले. जॉन हार्बो फिलाडेल्फियात अनेक वर्षं या तुकडीचे प्रशिक्षक होते. 2008 मध्ये बाल्टिमोरच्या संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं आणि 2013 च्या फेब्रुवारीत त्यांच्या संघाने सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला. सगळ्या जागांवरच्या खेळाडूंना हाताळायची सवय त्यांना त्या तुकडीतच लागली असणार, असं मला वाटतं.

पण मला खरं लिहायचंय ते सारिका काळेबद्दल. ती आपल्याच धाराशिव जिल्ह्याची खो-खो खेळाडू. तेराव्या वर्षी मामाने तिला मैदानावर नेलं. घरात जवळजवळ दहा वर्षं एकच वेळचं जेवण मिळायचं, हे तिनेच सांगितलंय. 2016 साली परिस्थितीला कंटाळून तिने खेळ सोडायचं ठरवलं आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना कळवलं. त्यांनी समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्ण जिंकलं, तेव्हा कर्णधार तीच होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला; खो-खोच्या वाट्याला तो 22 वर्षांनी आला. तोवर ती तुळजापुरात क्रीडा अधिकारी झाली होती. आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत नेपाळला 78-40 असं हरवून महिला खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

सारिकाच्या गोष्टीत मला सगळ्यांत मोठी वाटते ती तिची आजी. घरातलं दुःख जाऊन सांगावं, असा माणूस त्या आजीला प्रशिक्षकात दिसला. तुझ्या मुलींच्या घरच्यांना तुझ्याबद्दल असं वाटलं पाहिजे. हुलकावणी आणि साखळी तू शिकवशीलच, त्याची मला काळजी नाही.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतील तेव्हा तुझा संघ फुटायला लागेल. आईबापाच्या कोयत्याबरोबर पोरगीही जाते, आणि मार्चनंतर परत आलेली पोरगी मैदानाकडे फिरकतेच असं नाही. त्याआधीच घरोघर जा. आजीपाशी राहता येईल का, हंगामी वसतिगृहात सोय होते का, ते बघ. आईबापाशी बोलताना पदकांच्या गोष्टी नंतर; पोरगी कुठे झोपेल आणि काय खाईल ते आधी सांग. सरावाआधी ‘जेवलीस का?’ हे एकेकीला बाजूला घेऊन विचार, चारचौघांत नको. शेंगदाणे-गूळ मी महिन्याच्या महिन्याला पाठवतो, त्यात संकोच करू नकोस.

आणि सरावाची वेळ ठरवण्याआधी लांबच्या मुलींची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते डेपोत जाऊन विचारून घे.

तुझा,
मामा