लेझीम की धनुष्य?

मुलांनो, लेझीम खेळताना तुमचा पाय कधी चुकलाय? माझा रोज चुकायचा! अंबड तालुक्यातल्या आमच्या शाळेत १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या प्रभातफेरीची तालीम चालायची. हलगी कडाडली की सगळे डावीकडे झुकत, मी उजवीकडे. शेवटी गुरुजींनी मला रांगेतून काढलं. घरी येऊन मी लेझीम कोपऱ्यात भिरकावली.

आजोबांनी ती उचलली. "अरं, हे तर धनुष्य हाये!"

खरंच की! दांडा, आणि दोरीच्या जागी साखळी. लेझीम हा शब्दच मुळी फारसी. तिकडे दंडात बळ यावं म्हणून साखळीचं धनुष्य ओढत. आपल्याकडे ते तालमीत आलं, साखळीत चकत्या खुळखुळू लागल्या नि व्यायामाचा नाच झाला. (इंग्लंडातल्या मॉरिस नाचातही पोटऱ्यांना घुंगरं नि हातात काठ्या असतात. १४४८ सालापासून त्याच्या नोंदी सापडतात. तेही नाव बाहेरचंच, मूर लोकांवरून पडलेलं!)

"पायाकडं बघू नको," आजोबा म्हणाले. "ओढ... सोड... बाण मारल्यावानी."

रात्री अंगणात कितीतरी वेळ ओढ-सोड चाललं. शेजारचे वैतागले. सकाळी गुरुजींनी मला पुन्हा रांगेत घेतलं, पण सगळ्यांत मागे.