परसातले बावखल

वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्यांचे बालपण वाडीत गेले, त्यांना बावखल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या त्यांच्या नातवंडांना मात्र सांगावे लागते, म्हणून सांगतो. वाडीत खोदलेले, पावसाने भरणारे गोड्या पाण्याचे तळे म्हणजे बावखल. काठावर रहाट, रहाटाला बैल आणि पाटाने केळी-पानवेलींकडे खळाळत जाणारे पाणी. आमच्या परसात असे एक बावखल होते. ते १९९४ साली मी बुजवले.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली. कारणे तेव्हा भक्कम वाटली होती. वडील निवर्तले होते, रहाट मोडकळीस आला होता, पाण्यावर जलपर्णी माजली होती, आणि माझा तीन वर्षांचा मुलगा संधी मिळताच पाण्याकडे धाव घेऊ लागला होता. घराच्या डागडुजीतला राडारोडा आणि काही ट्रक मुरूम, एवढ्यात काम झाले. आई त्या दिवशी जेवली नाही. पुढे विहिरीचे पाणी मचूळ झाले तेव्हा तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, हे मला अधिक जड गेले.

एका बावखलापायी विहीर खारी होत नाही, हे खरे. पण आमच्या आळीत एकामागून एक बावखले बुजली आणि पंप मात्र वाढत गेले. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर ते फूटभर साठले, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट खोल रेटून धरते, हे मला ठाऊक होते. फळ्यावर आकृतीही काढत असे! जुलै २०१८ मध्ये वसईत पूर आला आणि आमच्या ओटीवर पाणी चढले. त्या पाण्याची पूर्वीची जागा मीच मुरमाने भरली होती.

आता त्या जागेवर मुलाला मोटारीसाठी शेड बांधायची आहे. मी मात्र संध्याकाळी ओटीवर बसून तेथे मनातल्या मनात तळे खोदीत असतो.

फार मोठे नको. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद पुरे. मुरूम उपसून जुन्या गाळापर्यंत जायचे. तळाला सिमेंट लावायचे नाही, म्हणजे पाणी जमिनीत झिरपत राहील. काठही सरळ कापायचे नाहीत. सिमेंटच्या उभ्या हौदात पडलेला बेडूक वर येऊ न शकल्याने मरतो, हे मी पाहिले आहे. एका बाजूने बोटभर पाण्यापासून उतरत उतरत मध्ये चार फूट खोली असावी. खरी वर्दळ त्या उथळ कडेलाच होते. बुलबुल, दयाळ तेथे अंघोळीला येतील. वंचक तासन्‌तास ध्यानस्थ उभा राहील. काठाला वाळा लावीन, त्याची मुळे माती धरून ठेवतात. पाण्यात थोडी कुमुदे. जलपर्णीला मात्र प्रवेश नाही. मे महिन्यात पाणी खाली गेले तर जाऊ द्यावे. मोठे बेडूक मातीत शिरून पावसाची वाट पाहतात, आणि पहिल्या सरींनंतर त्यांचे नर हळदीत लोळल्यासारखे पिवळेधमक होऊन रात्रभर ओरडतात. ते ओरडणे या घराने तीसहून अधिक वर्षांत ऐकलेले नाही.

डासांचे काय, असे सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचा डास घराभोवतीची पिंपे, टायर आणि कुंडीखालच्या ताटल्या पसंत करतो. तरी तळ्यालाही राखणदार हवेतच. चतुराची पिले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. गप्पी मासे सहज मिळतात, पण ते दक्षिण अमेरिकेतले पाहुणे. त्यांच्यापेक्षा आपल्याच ओढ्यांतले, डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले चिमुकले मासे मी आणीन. बेडकांच्या मागोमाग दिवडही येईल. हा साप बिनविषारी असतो. तरीही सूनबाईंपाशी हा विषय मी अद्याप काढलेला नाही.

खरी अडचण नातवाची. तो चार वर्षांचा आहे, आणि त्याच्या बापासारखाच पाणी दिसताच धावतो. म्हणून तळ्याभोवती बांबूचे चार फुटी कुंपण, फाटकाला उंचावर कडी, आणि मोठे माणूस सोबत असल्याखेरीज आत जाणे नाही. ही आखणी वहीत उतरवताना माझा हात थांबला. १९९४ साली एवढे कुंपण मला का सुचू नये?

गेल्या रविवारी मिसाहून परतल्यावर वही मुलापुढे ठेवली आणि बावखल का बुजवले तेही प्रथमच सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग टेप घेऊन परसात गेला, मापे घेतली, आणि म्हणाला, “बाबा, गाडी पुढल्या अंगणात राहील. पण आधी कुंपण, मग खड्डा.”

मी कबूल केले. बांबू सांगून ठेवले आहेत.