एक टेबल, तीन राज्यं

२४ जून २०१६, शुक्रवारची सकाळ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता आणि टीव्हीवर ब्रिटनची पट्टी फिरत होती: युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहू या म्हणणारे ४८.१. नाना, म्हणजे माझे आजोबा, वय वर्षं ८८, बशीत चहा ओतत होते. तेवढ्यात लंडनहून दादाचा फोन आला. हा माझा चुलतभाऊ, तिथं नोकरीला. रात्रभर जागा होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"नाना, हरलो आम्ही," तो म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण? तू इंग्रज कधी झालास?"

दादाचा पासपोर्ट भारताचाच होता, तरी त्यानं मत दिलं होतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना या मतदानाचा हक्क होता. त्याच्या ऑफिसातल्या फ्रेंच बाईंना मात्र नव्हता. त्या युरोपीय संघाच्या नागरिक, प्रश्न त्यांच्याच राहण्याचा, आणि मत नाही. नानांनी बशी खाली ठेवली.

"इंग्रजांनी संघात राहावं का जावं, हे ग्वाल्हेरच्या पोराला विचारलं. ग्वाल्हेरचं काय करायचं, ते मला कुणी नाही विचारलं."

यातलं दुसरं वाक्य घरात नवं नव्हतं. नाना वयाच्या अठराव्या वर्षी, १९४६ साली शिंदे सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. ग्वाल्हेर तेव्हा एकवीस तोफांच्या सलामीचं संस्थान. त्याची स्वतःची रेल्वे होती, आणि टपालाच्या तिकिटावर सहाव्या जॉर्जच्या मुंडक्याखाली 'ग्वालियर' असा काळा छाप. दोन वर्षांनी, २२ एप्रिल १९४८ रोजी, ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातल्या लहान संस्थानांच्या विलीनीकरणाचा करार झाला. सह्या केल्या राजांनी. २८ मे रोजी ग्वाल्हेरात पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारताचं उद्घाटन झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. नाना संध्याकाळी घरी आले ते दुसऱ्या राज्याचे नोकर होऊन. टेबल तेच होतं, दौतही तीच.

शिंदे आणि होळकर एका राज्यात नांदायचे म्हणजे राजधानीचा तंटा आलाच. तो मिटवला अजब रीतीनं: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ज्यानं ग्वाल्हेरची लू अंगावर घेतली आहे, त्याला ही वाटणी बरोबर वाटेल. मेमध्ये इथं पंख्याखाली बसलं तरी भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखं होतं, आणि माळव्यातल्या रात्री तेव्हा गार. पण दर वेळी दप्तरं पेट्यांत भरायची, पेट्यांवर नंबर टाकायचे, उतरवून घ्यायच्या आणि हवी ती फाईल दुसऱ्या गावी राहिल्याचं कळायचं. नाना म्हणत, इंदूरनं आमच्या बायकांना पोह्यांची सवय लावली आणि आम्ही इंदूरला फाईल हरवायची.

डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे सदस्य. आयोगाकडं दीड लाखाच्या वर निवेदनं आणि कागदपत्रं आली, नऊ हजारांवर माणसांना भेटून त्यांनी मतं ऐकली. म्हणजे कुणालाच विचारलं नाही, ही नानांची तक्रार तशी पुरती खरी नाही. दादानं त्या दिवशी हेच फोनवर सुनावलं, आणि नानांनी एवढ्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

सरकारी नोकर, तेव्हा सही करायची सोय नव्हती. पण नाना रात्री टाईपिंगची कामं घेत, पानामागं चार आणे. त्या हिवाळ्यात त्यांनी तीन निवेदनं टाईप केली. एकात मध्यभारत आहे तसाच ठेवा अशी मागणी होती, दुसऱ्यात मोठ्या हिंदी राज्यात घाला. तिसरं एका व्यापारी गटाचं. त्यांना राज्य कुठलंही चालणार होतं, फक्त राजधानी ग्वाल्हेरला हवी होती. मशीन एकच, 'र' जरा वर उडायचा. "दिल्लीत कुणी नीट पाहिलं असतं," नाना म्हणाले, "तर तिन्ही बाजूंचा माणूस एकच आहे असं वाटलं असतं."

"आणि तुमचं मत काय होतं?" दादानं विचारलं.

"चार आणे," नाना म्हणाले, आणि स्वतःच हसले.

३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल आला. मध्यभारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशाचे हिंदी जिल्हे मिळून एक राज्य. आयोगानं राजधानी जबलपूर सुचवली होती; झाली भोपाळ. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेला दिलेला आहे. विधानसभेचं मत मागवायचं, पण ते मानायचं बंधन नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नानांच्या नोकरीचं तिसरं राज्य सुरू झालं. पुढं ४४ वर्षांनी, बरोबर त्याच तारखेला, छत्तीसगड त्यातून बाहेर पडलं. तेव्हाही मतपेटी कुणी पाहिली नाही.

एवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली. तिचं सासर गोव्याचं, म्हापशाकडचं. विचारण्याच्या बाबतीत त्या घराचा अनुभव जुना आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. आत्याच्या सासऱ्यांनी फुलावर शिक्का मारला, थोरल्या दिरांनी पानांवर. घरात दोन चुली पेटल्या नाहीत, पण जेवणाच्या दोन पंगती पडू लागल्या. मौज अशी, की विलीनीकरणाविरुद्ध मराठीतूनच रान उठवलं गेलं. 'राष्ट्रमत' दैनिकातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर दिरांना तोंडपाठ असे आणि सासरे तोच अंक चोरून वाचत. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं.

"पण आम्हांला वेगळं राज्य हवं, असं तिसरं चित्र कागदावर नव्हतंच ना," आत्या म्हणाली. "ते यायला १९८७ उजाडलं."

"आमच्याकडंही तेच झालं," दादा म्हणाला. "जायचं का, एवढंच विचारलं. कसं जायचं, ते नाही."

मला विचाराल तर नानांची तक्रार आणि आत्याचा अनुभव यांतली आत्याची बाजू अवघड आहे. ज्याला विचारलं नाही, तो निदान सत्तर वर्षं सुखानं रागावू शकतो. ज्याला अर्धाच प्रश्न विचारला, त्याला स्वतःच्या उत्तराचीही जबाबदारी घ्यावी लागते.

राजधानी गेली तेव्हा समजूत म्हणून ग्वाल्हेरला कचेऱ्या मिळाल्या: राजस्व मंडळ, महालेखाकार, परिवहन आयुक्त, आबकारी आयुक्त, हायकोर्टाचं खंडपीठ. आजही यांतली एखादी भोपाळला हलवण्याची कुजबुज निघाली, की बाडा चौकात चहाच्या टपरीला तावातावानं बोलणारे उभेच असतात. राज्य गेलं तेव्हा गप्प राहिलेलं गाव एका कचेरीसाठी तडकतं. नानांना मात्र आधी भोपाळ भोगावं लागलं. तिथं कारकुनांना राहायला जागा नव्हती. चौघांत एक खोली, महिन्यातून एकदा गाडीनं घरी. तीन वर्षांनी राजस्व मंडळात बदली मिळाली आणि ते परत आले.

म्हणूनच त्या सकाळी, दादा पौंड किती घसरला ते सांगत असताना, नानांनी त्याला मध्येच तोडलं. "ते असू दे. तुमच्याकडनं कुठलं ऑफिस हलणार?"

दादाला तो म्हातारपणाचा प्रश्न वाटला.

मार्च २०१९ मध्ये युरोपची औषध नियामक संस्था लंडन सोडून ॲम्स्टरडॅमला गेली, जवळजवळ नऊशे माणसांची. त्यानंतर युरोपीय बँकिंग प्राधिकरण पॅरिसला. दादानं फोन करून मुद्दाम नानांना सांगितलं. एव्हाना त्यांना कमी ऐकू येई. मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"आणि ज्यांची पोरं शाळेत आहेत," त्यांनी विचारलं, "ती माणसं खोली चौघांत घेणार का?"