मिरामारची वाळू

आम्हा बेळगावकरांना समुद्र जवळचा म्हणजे गोव्याचा. चोर्ला घाट उतरला की पणजी, आणि पणजीला लागूनच मिरामार. लेकुरवाळ्यांनी वाळूत ऐसपैस बसावे असा किनारा. पणजी ज्या तिसवाडीत वसली ते खरे तर बेटच. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेले. आणि मांडवी तरी कोण? आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादईच ती!

मुले किल्ले बांधू लागली. आई मात्र भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी रेंगाळली. गोवा महाराष्ट्रात यावा म्हणून भाऊसाहेब झटले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी वेगळे राहणे पसंत केले.

"हरले खरे," आई म्हणाली, "पण तिथल्या लोकांना विचारलं तरी."

१९५६ साली बेळगाव-निपाणीला कुणी विचारले नव्हते. मी गप्प राहिलो.

एवढ्यात कन्नड शाळेत जाणारी धाकटी ओरडत आली, "अज्जी, नीरु उप्पु!"

"खारटच असतंय ते," आई म्हणाली. "ये, चूळ भर."