चावडीवर वाचलेला सातबारा

जालन्याच्या एमआयडीसीकडे जाणारे भंगाराचे ट्रक मी लहानपणापासून पाहत आले आहे. मोडकी खाट, कुळवाची गंजलेली पास, पत्र्याच्या कोठ्या, मोटारींचे चेपलेले दरवाजे, सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून चाललेलं असतं. भट्टीत ते वितळतं, रोलिंग मिलमधून त्याच्या सळया निघतात आणि कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. आमचं शहर पोलादावर आणि बियाण्यांवर उभं आहे. कदाचित त्यामुळेच इथं वस्तू संपली असं चटकन कुणी म्हणत नाही. विहिरीवरची मोटार जळली की रिवाइंडिंगला जाते. मिक्सरचं भांडं गळायला लागलं की बुश बदलून येतं. छत्रीला नवी काडी मिळते, चपलेला नवा तळ.

कुंडलिकेपलीकडे, जुन्या जालन्यात, रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. वडील मला सोबत न्यायचे. काका रेडिओ पालथा घालायचे, मागचे चार स्क्रू काढून एका झाकणात ठेवायचे आणि आतलं सगळं गाव माझ्यासमोर उघडं व्हायचं. तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचे इवलेसे रेझिस्टर, तांब्याच्या तारेची गुंडाळी, कोपऱ्यातला काळा पडलेला डाग. "हा बघ, हा गेलाय," असं म्हणून ते डागण्याची सळई उचलायचे. राळेचा धूर यायचा, तो वास मला फार आवडायचा. पैसे घेण्याआधी जळालेला पार्ट ते वडिलांच्या तळहातावर ठेवायचे. काय बिघडलं होतं ते गिऱ्हाइकानं डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असा त्यांचा रिवाज होता. मला वाटतं, यंत्राबद्दलचा माझा सगळा आदर त्या झाकणातल्या चार स्क्रूंपासून सुरू झाला.

आता हातात जो फोन असतो त्याला स्क्रूच दिसत नाही. पुढून काच, मागून काच. बॅटरी दिवसभर पुरेना म्हणून मी तो दुकानात नेला, तर काउंटरमागचा मुलगा अपराधी चेहऱ्यानं म्हणाला, "ताई, बॅटरी चिकटवलेली आहे. काढताना स्क्रीन गेली तर माझी जबाबदारी नाही." मुलगा हुशार होता, त्याचा हातही चांगला होता. त्या हाताला आत जाऊच द्यायचं नाही, हे मात्र वस्तू बनवतानाच कुणीतरी ठरवलं होतं. युरोपीय संघानं फोनसारख्या वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी, असा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू करायचं ठरवलं. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मामा चौकात, गांधी चमनच्या आसपास, भोकरदन नाक्यावर बसलेल्या कारागिरांच्या हातांना हा हक्क लवकर पोचावा, असं मला फार मनापासून वाटतं. त्यांना नकाशा आणि सुटे भाग मिळाले, तर जालन्यात कुठलाही फोन अवेळी मरणार नाही.

पण फोनचं मी एकवेळ सोडून देईन. फोन गेला तर दुसरा घेता येतो. माणसाच्या नावाची नोंद अशी चारी बाजूंनी बंद झाली, तर ती कुठं न्यायची?

आमची थोडी जमीन अंबड तालुक्यात आहे. तिथं मोसंबीची बाग होती. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण वडिलांना त्या बागेचं कौतुक त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं. आंबे बहारातल्या फुलांचा वास संध्याकाळी घरापर्यंत यायचा. मग २०१२चा दुष्काळ आला. विहिरीनं तळ दाखवला, टँकरचं पाणी झाडांच्या आळ्यांत ओतून पाहिलं, वर्षभरानं झाडं वाळली ती वाळलीच. वडिलांनी ती तोडून घेतली, त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. शेत मोकळं झालं, कपाशी आली. कागदावर मात्र मोसंबी पुढं कित्येक हंगाम हिरवीगार राहिली. ती नोंद काढण्यासाठी वडिलांनी हेलपाटे घातले, तेव्हा ते काम संगणकावर नव्हतं, कापडात बांधलेलं दप्तर होतं. म्हणून जुन्या काळाचे गोडवे मला गाता येत नाहीत. ते दप्तर ज्याच्या हातात, त्याची मर्जी मोठी होती. सातबारा हवा तर त्या मर्जीच्या दारात उभं राहावं लागायचं. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि तो घरबसल्या मिळू लागला, तेव्हा वडिलांनी ती प्रिंट कितीतरी वेळ हातात धरून ठेवली होती. आपल्याच जमिनीचा कागद कुणाच्या पाया न पडता मिळणं केवढी गोष्ट आहे, हे ज्यानं हेलपाटे घातले त्यालाच कळतं.

त्या डिजिटल सहीच्या आधी एक गोष्ट घडली होती. राज्यात सातबारे संगणकावर चढवताना चुका झाल्या होत्या. कुणाचं क्षेत्र दोन गुंठ्यांनी कमी, कुणाच्या आजोबांचं नाव भलतंच, कुणा विधवेची वारसनोंद गायब. मग २०१७च्या उन्हाळ्यात सरकारनं चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातून काढलेले सातबारे गावात आणायचे आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे.

आमच्या गावातली ती सकाळ मी पाहिली आहे. शाळेला सुट्ट्या होत्या. तलाठी खुर्चीवर, लोक सतरंजीवर, बायका भिंतीच्या सावलीला. वाचन सुरू झालं. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार, इतर हक्क. त्या रूक्ष रकान्यांतून हळूहळू सगळा गाव उभा राहायला लागला. एकेका नावासरशी माना वळत होत्या. एक म्हातारा मधेच उभा राहिला, "तो गट माह्या चुलत्याचा हाय, माहा बांधाच्या अलीकडं." तलाठ्यानं पेन्सिलनं खूण केली. एका काकूंचं नाव त्यांच्या दिवंगत मालकांच्या जागी यायला हवं होतं, ते आलंच नव्हतं. त्यांनी स्वतः तोंड उघडलं नाही, शेजारच्या चार बायकांनी एका दमात सांगितलं. कुणाचं आडनाव एका वेलांटीनं बदललं होतं, त्याच्यावर वाद झाला आणि मिटलाही. उन्हं वर आली तरी लोक उठेनात. ज्यांची एक गुंठाही जमीन नव्हती तेही ऐकत बसले होते आणि दुसऱ्याची चूक दाखवून देत होते.

मला त्या दिवसाचं फार वाटतं. त्यानंतरचं काम किचकट होतं, हे मला माहीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे आदेश निघायचे, त्यात वेळ जायचा, सगळ्यांचं सगळं एका फटक्यात नीट झालं असंही नाही. पण यंत्रानं लिहिलेलं माणसांसमोर आणून वाचलं गेलं. माणसांनी ऐकून सांगितलं की हे चुकलंय. आणि चुकलंय असं सांगणारा त्या सकाळी कुणाला अडाणी वाटला नाही.

नोंदीचं मोल मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्यभर गाजला आणि कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा उर्दूतली आणि मोडीतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. खापरपणजोबांच्या नावापुढं कुण्या कारकुनानं बोरूनं काय लिहिलं होतं, ते शोधायला नातवंडं रांगा लावत होती. एका शब्दासाठी चार पिढ्यांनंतर माणसं धावतात. आज एखादा मुलगा घाईघाईत संगणकावर जे टंकतो आहे, तेही असंच पुढं कुणालातरी पुरणार आहे.

ई-पीक पाहणीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. १५ ऑगस्ट २०२१ला ती राज्यभर सुरू झाली. आपल्या शेतात काय उभं आहे ते शेतकऱ्यानं स्वतः फोटो काढून नोंदवायचं. पुढच्या वर्षीपासून, चूक झाली तर ४८ तासांच्या आत ती स्वतः एकदा दुरुस्त करण्याची सोयही आली. ज्यानं ती ठेवली त्याला माणसाच्या हातून चूक होते हे ठाऊक होतं. माझ्या वडिलांना हे ॲप लावून दिलं तेव्हा ते कपाशीत उभे राहिले, अंगातला सदरा नीट केला आणि मगच फोटो घेतला. फोटो पिकाचा होता, तरी सदरा नीट केला. मात्र आमच्या शिवारात रेंज मिळते ती टेकाडावर, आणि फोटो तर शेताच्या हद्दीत उभं राहूनच काढायचा असतो. भर उन्हात फोन वर धरून, जाळं सापडेल त्या दिशेनं हळूहळू सरकणारी म्हातारी माणसं मी बांधाबांधावर पाहते आणि माझा जीव तुटतो. ज्यानं पन्नास वर्षं हीच जमीन कसली, त्यानं आपण तिथंच उभे आहोत हे आकाशातल्या उपग्रहाला पटवून द्यायचं आहे.

आणि मग अंगठा. आईचे हात मी कितीदा हातात घेऊन पाहते. खुरपणी, कापूस वेचणी, भांडी, सारवण. बोटांच्या टोकांवरच्या रेषा कधी झिजल्या ते तिलाही कळलं नाही. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा येत नाही. पुसून लावला, ओला करून लावला, डोक्याला तेल लावतो तसं तेल लावून पाहिलं. दुकानदार वाईट माणूस नाही, तोही परत परत म्हणतो, "मावशी, अजून एकदा." मागं रांग असते. आई एकदा तिथंच म्हणाली, "मी काय दुसरीचा अंगठा घेऊन आले व्हय?" तिच्या आवाजात राग होता आणि तो अगदी योग्य होता. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्रानं २०१७ सालीच राज्यांना दिलेली आहे. ती गावोगावच्या त्या छोट्या पडद्यावर मात्र कुठं दिसत नाही. तिथं फक्त नकार उमटतो. दुकानदाराला विचारावं तर तो मशीनकडं बोट दाखवतो, तालुक्याला विचारावं तर वरून आहे म्हणतात, आणि सर्व्हर डाऊन असेल तर बोट दाखवायलाही काही उरत नाही. पूर्वी अन्याय करणाऱ्याला नाव होतं, चेहरा होता. त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता यायचे. आईला नेमकं तेच करता येत नाही आणि ती आतल्या आत घुसमटते.

३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या एका स्त्रीला बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून-उघडून आपण जिवंत आहोत हे दाखवायला सांगितलं गेलं होतं, आणि तिला ते शक्यच नव्हतं. न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकली, मग त्या बाईचं पुढं काय झालं, तिला बघायला कोण आहे, तिचं खातं उघडलं का, असं कितीतरी विचारलं. काही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं नव्हती. निकालाचं महत्त्व तिला मी सांगण्याची गरजच पडली नाही.

यंत्र गावातून जावं असं आम्हा दोघींनाही वाटत नाही. तिला पैसे खात्यात आल्याचा मेसेज आवडतो. मला सातबाऱ्याची ती प्रिंट आवडते. मला हवी आहे ती २०१७ची सकाळ, दरवर्षी. कुणाची केवायसी अडली, कुणाचा अंगठा येत नाही, कुणाच्या नावातली वेलांटी चुकली, कुणाच्या शेतात नसलेलं पीक नोंदलं गेलं, हे सगळं संगणकातून काढून ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं, आणि दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस त्या वेळी समोर बसलेला असावा. एवढा एक विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असा अर्ज मी लिहिला आहे. भाषा साधी ठेवली आणि खाली सह्यांसाठी जागा सोडली. शेजारच्या बायकांनी वाचून, विचारून, एकेक करून सह्या केल्या. आईनं अर्ज पूर्ण वाचून घेतला, माझ्याकडून पेन घेतलं, सावकाश आपलं नाव लिहिलं आणि म्हणाली, "सभेत यादी वाचतील तवा माहं नाव पहिलं घ्या म्हणावं. मी पुढंच बसते."