साखरेच्या आकड्यापलीकडे

नेरूळच्या माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक ज्येष्ठ मधुमेही एकच कागद पुढे करतात: साखरेचा. आकडा उतरला असेल तर चेहरा खुललेला असतो. 'काका, लघवीतील अल्ब्युमिन कधी तपासले होते?' या माझ्या प्रश्नाला मात्र सहसा उत्तर मिळत नाही.

मध्यंतरी एका निवृत्त गृहस्थांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.८ आली होती. मात्र पायांवर सूज होती आणि जिना चढताना धाप लागत होती. हृदयाच्या सोनोग्राफीत हृदयाची शक्ती क्षीण झाल्याचे दिसले. मी औषध बदलण्याचे सुचवताच ते म्हणाले, 'डॉक्टर, साखर तर उत्तम आहे!' मी म्हणालो, 'हा बदल साखरेसाठी नाही, तुमच्या हृदयासाठी आहे.'

ही दृष्टी तशी अलीकडची आहे. पूर्वी साखर किती उतरते, हाच औषधाचा मुख्य निकष असे. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात हृदयविकार असलेल्या मधुमेहींचे हृदयविकाराने होणारे मृत्यू घटल्याचे दिसले. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये याच गटातील कॅनाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, हेही सिद्ध झाले. ही औषधे जादा साखर आणि मीठ लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांवरचा ताण हलका होतो.

पूर्वी किमतीमुळे ही औषधे लिहिताना हात आखडत असे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात आधीच आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि दर बरेच खाली आले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांना हा मोठाच दिलासा आहे.

तरीही शेजाऱ्यांना मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेल, असे नाही. या औषधांनी जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून स्वच्छता हवी. उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा शस्त्रक्रिया यांच्या काळात ती थांबवावी लागतात. नवरात्रापूर्वी म्हणूनच डॉक्टरांना अवश्य विचारावे. मळमळ, पोटदुखी आणि धाप एकत्र आल्यास साखर ठीक दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

जुनी औषधे टाकाऊ झालेली नाहीत. मेटफॉर्मिन आजही उपयुक्त आहे. मात्र मूत्रपिंडाची गाळणक्षमता दाखवणारा ईजीएफआर ३०च्या खाली गेल्यास ते बंद करावे लागते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असल्यास, वृद्धांची साखर धोकादायकरीत्या उतरते. रात्री भोवळ येऊन पडणाऱ्या आजींच्या गोळ्या म्हणूनच आधी तपासाव्यात. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला घातक ठरतात.

घरातील काळजीवाहकांना माझी विनंती आहे. पुढच्या भेटीला साखरेसोबत क्रिएटिनिन व ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, असे अहवाल न्या. धाप, सूज, पूर्वीचा हृदयविकार यांविषयी न विसरता सांगा. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घाला आणि विचारा: 'या औषधांनी साखरेबरोबर हृदय आणि मूत्रपिंडही जपले जाते का?' उत्तर मिळेपर्यंत कोणतीही गोळी स्वतःहून बंद वा सुरू करू नका.