बिलाला बारांनी गुणू नकोस

प्रिय मुक्ता,

मे महिन्याचं बिल बघून तू विचारलंस, "मावशी, याला बारांनी गुणलं की वर्षाचा खर्च आला ना?" अगं, मेमधला एसी जानेवारीत कुठे असतो? बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, पण तुझ्या घरी ते आकडे आधीच्या भाडेकरूंचे. तेव्हा एकेक वस्तू धर.

१००० वॉटची वस्तू तासभर चालली की १ युनिट. २००० वॉटचा गिझर रोज अर्धा तास, म्हणजे वर्षाला ३६५. राउटर जेमतेम १० वॉटचा, पण रात्रंदिवस चालू. त्याचेही ८८ होतात. ७५ वॉटचा जुना पंखा १२ तास, ३०० दिवस चालला तर २७०. फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येमध्ये बंद होतो, म्हणून तिथे स्टार लेबलवरचा वर्षाचा आकडा घे. एसीच्या लेबलवरचा आकडा मात्र वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. तू दोनच महिने आणि तेही रात्रीपुरता लावतेस, तेव्हा त्याचा तिसरा हिस्सा धरलास तरी पुरे.

पटत नसेल तर मीटरपाशी जा. त्यावरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते तिथेच लिहिलेलं असतं. ३२०० असेल, तर घरातलं सगळं बंद करून फक्त तो जुना पंखा लाव: दर १५ सेकंदांनी एकदा. मग पंखा बंद करून गिझर लाव: सेकंदाला जवळजवळ दोनदा! तुझ्या काकांना मी हे दाखवलं, तेव्हापासून गिझरचं बटण न सांगता बंद होतं.

आता रुपये. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून येणारा सरासरी दर इथे कामाचा नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे: १०० पर्यंत स्वस्त, मग ३००, ५०० आणि त्यापुढे चढत जाणारे. टप्पा ओलांडला की सगळीच युनिटं महागतात असं शेजारीपाजारी छातीठोकपणे सांगतील. महागतात ती फक्त वरची. आणि बचत होते तीही वरूनच. म्हणून वाचलेल्या युनिटला तुझ्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा वीज आकार लाव, वहन आकार मिळव, वर १६ टक्के वीज शुल्क धर. स्थिर आकार यात घेऊ नकोस, तो घराला कुलूप असलं तरी येतोच.

३० वॉटचा बीएलडीसी पंखा तेवढाच चालवलास तर १०८ युनिटं लागतील, म्हणजे १६२ वाचली. या दराने गुणून बघ, पंख्याची किंमत किती वर्षांत वसूल होते ते कळेल. आधी झोपायच्या खोलीतला बदल. पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे, तो चालतोच कितीसा!

तुझी,
मावशी